लाया पालाऊ

लाया पालाऊ (पूर्ण नाव : लाया पालाऊ इ आल्तेस; जन्म : १० सप्टेंबर १९७९, बार्सिलोना) या स्पेनच्या निवृत्त बास्केटबॉलपटू आहेत. त्या पॉइंट गार्ड या स्थानावर खेळत असत. २००२ ते २०२१ या काळात त्यांनी स्पेनच्या राष्ट्रीय संघाकडून ३१४ सामने खेळले. निवृत्तीच्या वेळी स्पेनच्या महिला किंवा पुरुष संघातील कोणत्याही खेळाडूच्या नावावर इतके सामने नव्हते. ऑलिंपिक, जागतिक आणि युरोपीय स्पर्धा मिळून त्यांनी १२ पदके जिंकली. २००३ ते २०१९ या काळात स्पेनच्या महिला संघाने या तीन स्पर्धांत मिळवलेल्या प्रत्येक पदकाच्या वेळी पालाऊ संघात होत्या. क्लब पातळीवर त्यांनी २०१२ मध्ये वालेन्सियाच्या रोस कासारेस संघाकडून आणि २०१५ मध्ये प्रागच्या यूएसके संघाकडून युरोलीग जिंकली. २०२२ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांनी व्यावसायिक बास्केटबॉलमधून निवृत्ती घेतली.

पालाऊ यांची ओळख मोठ्या गुणसंख्येमुळे झाली नाही. सहकारी खेळाडूंना गुण मिळवून देणारे पास, खेळाच्या गतीवरील नियंत्रण आणि जवळपास दोन दशके टिकून राहिलेले सातत्य यांवर त्यांची कारकीर्द उभी राहिली. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीकडे स्पेनमधील महिला बास्केटबॉलच्या वाटचालीचा आलेख म्हणूनही पाहता येते.

नाव

पालाऊ या कॅटलोनियातील आहेत. कॅटलान पद्धतीप्रमाणे व्यक्तीच्या नावापुढे दोन आडनावे येतात, एक वडिलांच्या आणि एक आईच्या घराण्याचे. या दोन आडनावांना ‘इ’ या अव्ययाने जोडतात आणि त्याचा अर्थ ‘आणि’ असा होतो. व्यवहारात व क्रीडाविषयक नोंदींत बहुधा पहिलेच आडनाव वापरले जाते. त्यामुळे ‘लाया पालाऊ’ हेच नाव सर्वत्र रूढ आहे.

पार्श्वभूमी

स्पेनमधील महिला बास्केटबॉलला १९९० च्या दशकाच्या आरंभी मोठी चालना मिळाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये यजमान संघ पाचव्या क्रमांकावर राहिला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, इटलीतील पेरुजा येथे स्पेनने फ्रान्सला हरवून युरोपीय अजिंक्यपद पटकावले. स्पर्धा बार्सिलोनात झाली तेव्हा पालाऊ १२ वर्षांच्या होत्या.

पहिल्या युरोपीय विजेतेपदानंतर मात्र स्पेनला पुढील पदकासाठी २००१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी फ्रान्समध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेत संघाला कांस्यपदक मिळाले. अमाया वाल्देमोरो आणि एलिसा आगिलार यांच्या पिढीने हा नवा कालखंड सुरू केला. या संघाला पुढील वर्षी बार्सिलोनाची एक तरुण पॉइंट गार्ड मिळाली.

पॉइंट गार्डची जबाबदारी

पालाऊ यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करण्यासाठी त्यांच्या स्थानाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानावर असतात. त्यांपैकी पॉइंट गार्ड हा खेळाडू सामान्यतः चेंडू स्वतःच्या अर्ध्या भागातून प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात नेतो, कोणती चाल खेळायची ते ठरवतो आणि योग्य क्षणी योग्य सहकाऱ्याकडे चेंडू पोहोचवतो.

हे काम ठरावीक वेळेत करावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंडू ताब्यात आल्यापासून ८ सेकंदांत मैदानाची मधली रेषा ओलांडावी लागते आणि २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करावी लागते. २००० पूर्वी फेकीसाठी ३० सेकंद मिळत असत. पालाऊ यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द नव्या, अधिक वेगवान नियमांखालीच सुरू झाली. फेकीसाठी असलेल्या २४ सेकंदांतील काही सेकंद चेंडू पुढे नेण्यातच जातात. उरलेल्या वेळात प्रतिस्पर्धी बचावाची रचना ओळखणे, सहकाऱ्यांना जागेवर आणणे आणि पास देणे ही सर्व कामे पॉइंट गार्डला करावी लागतात.

ज्या पासमुळे सहकारी खेळाडू लगेच गुण मिळवतो, त्या पासला ‘असिस्ट’ म्हणतात. असिस्टची नोंद होण्यासाठी पास देणारा आणि गुण मिळवणारा असे दोन खेळाडू लागतात. उत्तम पास दिल्यावरही सहकाऱ्याची फेक हुकली तर आकडेवारीत त्या पासचा मागमूस राहत नाही. बचाव विस्कळीत करणारा, पण पुढच्या पासला वाट करून देणारा पासही असिस्ट म्हणून मोजला जात नाही. खेळाची गती केव्हा वाढवावी आणि केव्हा संथ करावी, या निर्णयाची तर कोणतीच नोंद होत नाही. त्यामुळे पॉइंट गार्डच्या कामाचा मोठा भाग गुणपत्रकाबाहेर राहतो. पालाऊ यांच्यासारख्या खेळाडूंचे महत्त्व केवळ गुणांच्या सरासरीवरून कळत नाही, ते यामुळेच.

क्लब कारकीर्द

बार्सिलोना, बूर्ज आणि वालेन्सिया

पालाऊ यांची जडणघडण बार्सिलोनातील क्लब व्यवस्थेत झाली आणि शहरातील उनिव्हर्सितारी संघाकडून त्या स्पेनच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये खेळू लागल्या. पुढे त्या फ्रान्समधील बूर्ज या क्लबकडूनही खेळल्या. मध्य फ्रान्समधील हे लहान शहर महिला बास्केटबॉलसाठी युरोपभर प्रसिद्ध असून त्याच्या संघाने युरोलीगही जिंकली आहे.

त्यांच्या क्लब कारकिर्दीचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा वालेन्सियाच्या रोस कासारेस संघात पार पडला. हा क्लब त्याच नावाच्या पोलाद उद्योगसमूहाच्या पाठबळावर चालत असे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने स्पॅनिश लीगमध्ये वर्चस्व मिळवले होते. युरोपीय विजेतेपद मात्र त्याच्या हाती येत नव्हते. २०१० मध्ये युरोलीगचा अंतिम टप्पा वालेन्सियातच झाला; परंतु अंतिम सामन्यात रोस कासारेसला स्पार्टाक मॉस्को विभागाच्या संघाकडून पराभव पत्करावा लागला.

२०१२ : विजेतेपद आणि संघाचे विसर्जन

२०१२ मध्ये इस्तंबूल येथे रोस कासारेसने अखेर युरोलीग जिंकली. अंतिम सामना माद्रिदजवळील रिव्हास या स्पॅनिश संघाशीच झाला. युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ स्पेनचे असणे, हे तेथील महिला बास्केटबॉलच्या तत्कालीन सामर्थ्याचे द्योतक होते. विजेत्या संघात पालाऊ यांच्यासह अमेरिकेच्या माया मूर, बेल्जियमच्या आन वाउटर्स आणि स्पेनकडून खेळणाऱ्या सँचो लिटल यांचा समावेश होता.

मात्र त्याच उन्हाळ्यात क्लबने आपला व्यावसायिक महिला संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. युरोपचा विजेता संघ पुढील हंगामात अस्तित्वातच नव्हता. स्पेन त्या वेळी तीव्र आर्थिक मंदीतून जात होता आणि महिला क्लबांचे अर्थकारण मुख्यतः प्रायोजकांवर अवलंबून होते. प्रेक्षकांकडून व प्रक्षेपणातून मिळणारे उत्पन्न मर्यादित असल्यामुळे प्रायोजकाने हात आखडता घेतला की संघासमोर दुसरा मार्ग राहत नसे. रोस कासारेसच्या उदाहरणातून दिसले की मैदानावरील यश हे महिला संघाच्या अस्तित्वाची हमी ठरत नाही.

प्रागमधील कारकीर्द

या घडामोडीनंतर इतर अनेक स्पॅनिश खेळाडूंप्रमाणे पालाऊही देशाबाहेर गेल्या. त्या वेळी त्या ३२ वर्षांच्या होत्या. त्या प्रथम पोलंडमधील पोल्कोवित्से क्लबकडून आणि त्यानंतर चेक प्रजासत्ताकातील यूएसके प्राग संघाकडून खेळल्या. २०१५ मध्ये युरोलीगचा अंतिम टप्पा प्राग येथे झाला. अंतिम सामन्यात यूएसके संघाने रशियाच्या बलाढ्य येकातेरिनबर्ग संघावर ७२–६८ अशी मात केली. पालाऊ यांचे हे दुसरे युरोलीग विजेतेपद होय. पहिले त्यांनी बंद पडलेल्या क्लबकडून मिळवले होते आणि दुसरे परदेशात, वयाच्या ३५ व्या वर्षी मिळवले.

ऑस्ट्रेलिया आणि जिरोना

प्रागनंतर पालाऊ ऑस्ट्रेलियातील डँडेनाँग रेंजर्स या संघाकडून खेळल्या. डँडेनाँग हे मेलबर्नचे एक उपनगर आहे. त्यानंतर त्या कॅटलोनियात परतल्या आणि जिरोना शहरातील उनी जिरोना क्लबमध्ये दाखल झाल्या. २०१८–१९ च्या हंगामात या संघाने स्पॅनिश लीगचे विजेतेपद मिळवले. पालाऊ यांनी आपल्या कारकिर्दीचा शेवटही याच क्लबमध्ये केला.

अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये पालाऊ कधीही खेळल्या नाहीत. या लीगचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि युरोपीय अजिंक्यपद, जागतिक स्पर्धा व ऑलिंपिक यांच्या तारखाही बहुधा त्याच सुमारास येतात. युरोपमधील अनेक नामवंत खेळाडूंना त्यामुळे दरवर्षी लीग आणि देश यांत निवड करावी लागते. पालाऊ यांचा उन्हाळा मात्र वर्षानुवर्षे राष्ट्रीय संघासाठीच राखलेला असे.

राष्ट्रीय संघातील कारकीर्द

पहिले दशक (२००२–२०११)

पालाऊ यांनी २००२ मध्ये वरिष्ठ राष्ट्रीय संघात पदार्पण केले. त्याच वर्षी चीनमध्ये जागतिक स्पर्धा झाली. २००३ मध्ये ग्रीसमध्ये आणि २००५ मध्ये तुर्कस्तानमध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धांत स्पेनने कांस्यपदके मिळवली. २००७ मध्ये इटलीत संघ अंतिम फेरीत पोहोचला. तेथे रशियाकडून पराभूत झाल्यामुळे रौप्यपदक मिळाले. २००९ मध्ये लात्व्हियात पुन्हा कांस्यपदक मिळाले. २००४ च्या अथेन्स आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र संघाची वाटचाल उपांत्यपूर्व फेरीत थांबली.

२०१० मध्ये चेक प्रजासत्ताकात झालेल्या जागतिक स्पर्धेत स्पेनने बेलारूसला हरवून कांस्यपदक पटकावले. जागतिक स्पर्धेतील स्पॅनिश महिला संघाचे हे पहिलेच पदक होते. पण पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पोलंडमधील युरोपीय स्पर्धेत संघ नवव्या क्रमांकावर घसरला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला मुकला. पालाऊ यांच्या दृष्टीने २०१२ हे वर्ष अशा रीतीने दोन टोकांचे ठरले. त्या वर्षी त्यांना युरोलीगचे विजेतेपद मिळाले, पण ऑलिंपिक हुकले आणि क्लबही हातचा गेला.

२०१३ चे सुवर्णपदक

२०१३ ची युरोपीय स्पर्धा फ्रान्समध्ये झाली. प्रशिक्षक लुकास मोंदेलो यांच्या मार्गदर्शनाखाली स्पेनने अंतिम फेरी गाठली. ओर्शी येथे झालेल्या अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सवर स्पेनने ७०–६९ असा अवघ्या एका गुणाने विजय मिळवला. १९९३ नंतर तब्बल २० वर्षांनी स्पेनला युरोपीय सुवर्णपदक मिळाले. सँचो लिटल स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. या स्पर्धेनंतर अमाया वाल्देमोरो आणि एलिसा आगिलार यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. आगिलार पुढे २०२३ मध्ये स्पॅनिश बास्केटबॉल महासंघाच्या अध्यक्षा झाल्या.

कर्णधारपद आणि ऑलिंपिक रौप्य

ज्येष्ठ खेळाडूंच्या निवृत्तीनंतर कर्णधारपद पालाऊ यांच्याकडे आले. २०१४ मध्ये तुर्कस्तानमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत स्पेनने उपांत्य फेरीत यजमानांना हरवले आणि प्रथमच अंतिम फेरीत प्रवेश केला. इस्तंबूल येथील अंतिम सामन्यात अमेरिकेने ७७–६४ असा विजय मिळवला. २०१५ च्या युरोपीय स्पर्धेत संघाला कांस्यपदक मिळाले. परंतु ऑलिंपिकचा थेट प्रवेश मिळाला नाही. त्यामुळे २०१६ च्या जूनमध्ये फ्रान्समधील नाँत येथील पात्रता स्पर्धेतून संघाला रिओ गाठावे लागले.

रिओ दि जानेरो येथील उपांत्यपूर्व सामना तुर्कस्तानविरुद्ध होता. शेवटच्या क्षणी आना क्रुस यांनी केलेल्या बास्केटमुळे स्पेनने तो ६४–६२ असा जिंकला. २००४ आणि २००८ मध्ये ज्या पायरीवर संघ अडखळला होता, ती पायरी ओलांडली गेली. उपांत्य फेरीत सर्बियाला ६८–५४ असे हरवून स्पेनने पदक निश्चित केले. अंतिम सामन्यात अमेरिकेने १०१–७२ असा मोठा विजय मिळवला, तरीही स्पॅनिश महिला बास्केटबॉलचे हे पहिले ऑलिंपिक पदक ऐतिहासिक ठरले. पालाऊ त्या वेळी ३६ वर्षांच्या होत्या.

शेवटची वर्षे (२०१७–२०२१)

रिओनंतरही पालाऊ थांबल्या नाहीत. २०१७ मध्ये प्रागमध्ये झालेल्या युरोपीय अंतिम सामन्यात स्पेनने फ्रान्सला ७१–५५ असे हरवले. २०१८ ची जागतिक स्पर्धा स्पेनच्याच तेनेरिफे बेटावर झाली. तेथे बेल्जियमवर ६७–६० असा विजय मिळवून संघाने कांस्यपदक जिंकले. २०१९ मध्ये बेलग्रेडमध्ये पुन्हा फ्रान्सविरुद्धच अंतिम सामना झाला आणि स्पेनने तो ८६–६६ असा जिंकून विजेतेपद राखले. पालाऊ यांचे हे तिसरे युरोपीय सुवर्णपदक होते.

याच काळात त्यांनी वाल्देमोरो यांचा २५८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचा विक्रम मागे टाकला. वाढत्या वयाबरोबर पॉइंट गार्डची जबाबदारी सिल्व्हिया दोमिंगेस यांच्यासारख्या सहकाऱ्यांमध्ये वाटली गेली. तरुण खेळाडूंच्या संघात अनुभवी मार्गदर्शकाची भूमिकाही पालाऊ यांच्याकडे आली.

महामारीमुळे एक वर्ष लांबणीवर पडलेले टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. पालाऊ यांचे हे चौथे ऑलिंपिक होते. प्राथमिक गटातील तिन्ही सामने जिंकूनही उपांत्यपूर्व फेरीत स्पेनला फ्रान्सकडून ६४–६७ असा निसटता पराभव स्वीकारावा लागला. तीन अंतिम सामन्यांत ज्या संघाला हरवून त्यांनी सुवर्णपदके मिळवली होती, त्याच संघाविरुद्ध त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द वयाच्या ४१ व्या वर्षी संपली.

पदके

ऑलिंपिक
• रौप्य : २०१६ (रिओ दि जानेरो)

जागतिक स्पर्धा
• रौप्य : २०१४ (तुर्कस्तान)
• कांस्य : २०१० (चेक प्रजासत्ताक), २०१८ (स्पेन)

युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा
• सुवर्ण : २०१३, २०१७, २०१९
• रौप्य : २००७
• कांस्य : २००३, २००५, २००९, २०१५

युरोलीग (क्लब)
• विजेतेपद : २०१२ (रोस कासारेस), २०१५ (यूएसके प्राग)

महत्त्व

पालाऊ यांच्या पदार्पणापूर्वी स्पेनच्या महिला संघाकडे वरील तीन प्रमुख स्पर्धांतील दोनच पदके होती : १९९३ चे सुवर्ण आणि २००१ चे कांस्य. त्यांच्या कारकिर्दीत या संख्येत १२ पदकांची भर पडली. या यशात वाल्देमोरो, लिटल, आल्बा तोरेन्स, क्रुस अशा अनेक खेळाडूंचा वाटा आहे आणि यांतील बहुतेकींची गुणसंख्या पालाऊ यांच्यापेक्षा जास्त असे. परंतु वाल्देमोरो यांच्या पिढीपासून तोरेन्स यांच्या पिढीपर्यंत सर्वांबरोबर खेळलेला आणि प्रत्येक पदकाच्या वेळी उपस्थित असलेला दुवा पालाऊ याच होत्या.

३१४ सामने २० उन्हाळ्यांत विभागले तर दरवर्षी सरासरी सुमारे १६ आंतरराष्ट्रीय सामने येतात. क्लबचा हंगाम शरद ऋतूपासून वसंत ऋतूपर्यंत चालतो. त्यानंतर विश्रांतीच्या काळात राष्ट्रीय संघाचे शिबिर आणि स्पर्धा असा क्रम त्यांनी दोन दशके पाळला. या काळात क्लब बदलले, देश बदलले आणि एक विजेता क्लब तर बंदही पडला. त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय संघ ही एकच गोष्ट कायम राहिली. स्पेनमधील महिला क्लबांची आर्थिक स्थिती अनिश्चित असतानाही राष्ट्रीय संघ युरोपात अग्रभागी राहिला, याचे एक कारण खेळाडूंच्या या सातत्यात सापडते.

पालाऊ यांच्या निवृत्तीनंतर स्पेनने २०२३ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २००१ नंतर पालाऊ संघात नसताना मिळालेले ते पहिले पदक होते.